कळांचे शमन आणि बाळंतपणातील ताप

कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी सरकवून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बधिरतेचे औषध थोडे थोडे सोडणे, यास एपिड्यूरल म्हणतात. प्रसूतिवेदना सुसह्य करण्याचा याहून परिणामकारक उपाय आज तरी नाही. तथापि काही तासांनी कित्येक स्त्रियांना ताप चढतो, आणि बाहेर बसलेली मंडळी सुईलाच दोष देऊ लागतात. त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

हा संबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मांडला गेला. एपिड्यूरल घेणाऱ्या साधारण पाचांपैकी एकीचे, पहिलटकरणींत त्याहून अधिक जणींचे, तापमान ३८ अंश सेल्सिअसवर जाते. जंतू हेच कारण असते, तर प्रतिजैविकांनी ताप टळला असता. अमेरिकेत ४०० पहिलटकरणींपैकी निम्म्यांना प्रतिजैविक व निम्म्यांना औषधविरहित द्रावण देऊन पाहिले (२०१४). ताप आला तो अनुक्रमे ३८ व ४० टक्के स्त्रियांना.

मग ताप कशाचा? बहुतेकदा दाहाचा. प्रसूती ही मुळातच दाहाशी निगडित घटना आहे. गर्भाशयमुख मऊ होऊन उघडण्यात पांढऱ्या पेशी व त्यांच्या रसायनांचा वाटा असतो. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ चे प्रमाण ताप येणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात अधिक आढळते, आणि पुष्कळदा ते नळी बसविण्यापूर्वीच वाढलेले असते. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने हा ताप रोखता येतो, असे २००६ मध्ये दिसले; परंतु त्या मातांच्या बाळांच्या रक्तात जंतू अधिक वेळा सापडले. असा उपाय कोण पत्करील?

खरी अडचण पुढेच आहे. दाहाचा ताप आणि गर्भजलाच्या संसर्गाचा ताप खाटेजवळ उभे राहून निश्चितपणे वेगळे ओळखता येत नाहीत, आणि संसर्ग दुर्लक्षिला तर मायलेकरांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आईला प्रतिजैविके देतात. बाळाचा श्वास, हृदयगती व दूध ओढण्याची ताकद पाहतात. शंका आल्यास त्याचे रक्त तपासणीस पाठवून त्याला नवजात अतिदक्षता विभागात ठेवतात. हा विरह कुटुंबास फार जाचतो, परंतु ती रोगाची ग्वाही नव्हे. रक्तात जंतू वाढतात की नाही हे कळण्यास ३६ ते ४८ तास लागतात. ते न आढळल्यास आणि बाळ टवटवीत असल्यास औषधे थांबवितात. तोवर आईचे दूध काढून बाळाकडे पोहोचवावे. एपिड्यूरल घेतले म्हणून ते देण्यास कोणतीही हरकत नाही.