उजव्या कोपऱ्यातून

माझं गाव कोलाडच्या शेजारी, कुंडलिकेच्या काठाला. धाटावच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं पाळ्या केल्या. त्यातली पहिली बारा वर्षं गावच्या संघात उजवा कोपरा सांभाळला. पुढे गुडघा गेला आणि खेळ सुटला, पटांगण मात्र सुटलं नाही. आमच्याकडे भाताची झोडणी उरकली की कबड्डीचे सामने लागतात, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात. मातीच्या कडेला बसून एवढी वर्षं जे पाहिलं, त्यातून माझी काही मतं पक्की झाली आहेत.

१. ज्याच्याशी वैर, त्याचा पाय ओळखता आला पाहिजे.

आमचं वैर नदीपलीकडच्या गावाशी. त्यांचा एक चढाईपटू होता. अंगाने किरकोळ, पण वळायला असा की हातात आलेला पाय निसटून जायचा. सलग सहा वर्षं तो आमच्या अंगणात यायचा आणि मी त्याची वाट बघत कोपऱ्यात उभा असायचो. बोनस घ्यायचा असला की त्याची डावी टाच आधी उचलली जायची. लाथ मारायची असली की तो क्षणभर श्वास धरायचा आणि ‘कबड्डी कबड्डी’चा सूर बारीक व्हायचा. हे मला कळतं हे त्याला कळलं, तेव्हा त्याने मुद्दाम टाच उचलून फसवायला सुरुवात केली. मग मी त्याच्या खांद्याकडे बघायला शिकलो. मला खेळ शिकवणारे गावात दोन-तीन जण होते, पण सगळ्यात जास्त मी त्याच्याकडूनच शिकलो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच पाळीच्या बसमध्ये असायचो. हरलेला खिडकीकडे तोंड करून बसायचा. आठवडाभर बोलणं बंद. मग कुणाच्या तरी डब्यात जवळ्याचं सुकं असायचं आणि डबा मधे सरकायचा.

सातव्या वर्षी तो खेळला नाही, त्याचे गुडघे माझ्या आधी गेले. त्या वर्षी आम्ही अंतिम सामना सहज जिंकलो. ढाल घेऊन गावात आलो तेव्हा ढोल वाजला, पण बक्षीस समारंभाला त्यांच्या गावातलं एकही माणूस थांबलं नव्हतं. कपाटावर आमच्या पाच ढाली आहेत. चार कुठल्या वर्षाच्या ते मी न बघता सांगतो, पाचवीचं वर्ष मात्र जवळ जाऊन वाचावं लागतं.

२. पंच तिसऱ्या गावचा हवा.

एका वर्षी यजमान गावाने आपलाच पंच लावला. शेवटच्या मिनिटाला निदान रेषेवरून वाद झाला आणि दगड आले. कुणाचं चुकलं ते आता उकरत नाही. स्पर्धा चार वर्षं बंद राहिली आणि त्या चार वर्षांत दोन्ही गावची चौदा-पंधरा वर्षांची पोरं टेनिस क्रिकेटकडे वळली. त्यांच्यातलं कुणी कबड्डीकडे परत आलं नाही. एका खोट्या गुणाने एक अख्खी फळी गेली.

हे फक्त गावात होतं असं नाही. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भारत-इराण अंतिम सामना असाच एका चढाईच्या गुणांवरून अडला. कॅमेरे होते, नियमपुस्तक होतं, तरी खेळ बराच वेळ थांबून राहिला. आपण ३३-२९ असे जिंकलो. मी आनंदलो, पण तासभर आधी घशाला पडलेली कोरड मला चार वर्षं रिकाम्या राहिलेल्या आमच्या पटांगणाची आठवण देत होती.

३. घरात दोन संघ असू द्यावेत.

कोलाडहून हायवे धरला की मुंबई, ताम्हिणी घाट चढला की पुणे. आमच्या पिढीच्या मागची माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत गेली, आताची पोरं हिंजवडी-चाकणला जातात. म्हणून आमच्या घरात माझे चुलतभाऊ यू मुंबाचे आणि पुतणे पुणेरी पलटणचे. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली. आमची पटांगणं पाण्याखाली होती आणि वीस माणसं एका टीव्हीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. ३१ ऑगस्टला अंतिम सामन्यात जयपूरने यू मुंबाला ३५-२४ असं हरवलं, तेव्हा माझ्या थोरल्या चुलतभावाने जेवण केलं नाही. पुढच्याच वर्षी मुंबा जिंकली. पुण्याच्या पोरांना मात्र १ मार्च २०२४ पर्यंत वाट बघावी लागली. हैदराबादला अस्लम इनामदारच्या संघाने हरयाणाला २८-२५ असं हरवलं आणि रात्री पुतण्याचा फोन आला, “काका, थोरल्या काकांना द्या ना फोन!” थोरल्याने फोन घेतला आणि अभिनंदन केलं, मनापासून. दहा वर्षं चिडवून घेतलेल्या पोराचा तो हक्कच होता, असं तो नंतर म्हणाला.

४. परका कोण, हे घाईने ठरवू नये.

२३ ऑगस्ट २०१८. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य सामन्यात इराणने आपल्या पुरुषांना २७-१८ असं हरवलं. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण आपल्याशिवाय कुणी नेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना झाला. तोही इराणने २७-२४ असा जिंकला. मला राग अनावर झाला होता. आपला हुतूतू, आपल्या मातीतला, आणि आपल्यालाच धूळ चारतात!

मग कळलं की इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक आमच्याच नाशिकच्या शैलजा जैन. वर्षानुवर्षं नाशिकमध्ये मुली घडवलेल्या बाई तेहरानला गेल्या आणि तिथल्या मुलींना त्यांनी सुवर्णापर्यंत नेलं. माझा राग लगेच गेला असं नाही. भारत हरला याचं दुःख आजही आहे. पण त्या बाईंचा अभिमान त्या दुःखाच्या शेजारीच बसला आणि दोन्ही मी तसेच ठेवले आहेत.

त्याच इराणच्या पुरुष संघातला फझल अत्राचली दीड महिन्यात यू मुंबाकडून खेळायला उतरला. लिलावात त्याला एक कोटी मिळाले होते. डाव्या कोपऱ्यातून तो घोटा असा धरायचा की मी टीव्हीसमोर उठून उभा राहायचो. ऑगस्टमध्ये ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी ऑक्टोबरमध्ये टाळ्या वाजवल्या. कोपरा खेळलेल्या माणसाला दुसरं काही शक्यच नव्हतं. चांगली पकड कुठल्या देशाची आहे, हे हाताला कळत नाही.

५. नामवंत माणूस मातीवर बसला, तरच तो आपला.

एका वर्षी बक्षीस समारंभाला टीव्हीवर दिसणारा एक खेळाडू आणला. नाव लिहीत नाही. वर्गणीतला मोठा हिस्सा त्याच्या येण्या-जाण्यात गेला. तो गाडीतून उतरला, पोरांनी मोबाईल वर धरले, वीस मिनिटांत गाडी ताम्हिणीच्या दिशेने गेली. त्या वीस मिनिटांसाठी उपांत्य सामना मध्येच थांबवला होता. खेळणाऱ्या पोरांची अंगं गार पडली आणि सामना पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच चढाईत एकाचा स्नायू दुखावला. ती चूक आमची होती. सामना थांबवणारे आम्हीच.

पैशाबद्दल मात्र मी वेगळं बोलतो. कबड्डीत पैसा आला याचा मला आनंद आहे. आमच्या वेळी चांगल्या खेळाडूची मजल बँकेत, रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडू म्हणून नोकरी लागण्यापर्यंत. ती लागली नाही तर पंचविशीत खेळ संपला. आज नगर जिल्ह्यातला अस्लम कप्तान होऊन करंडक उचलतो, हे आमच्याकडच्या पोरांना दिसतं आणि ती पहाटे उठतात. फक्त मांडीवर थाप मारायला ती आधी शिकतात आणि घोटा धरायला नंतर, तेवढं आम्ही जुन्यांनी सांगत राहायचं.

आणि प्रसिद्धीची एक दुसरी जातही असते. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी सगळं आयुष्य या खेळाची संघटना बांधण्यात घालवलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे तेव्हा लावणी ऐन भरात असते आणि चिखलात कुणाला तारीख आठवत नाही. मी गेली काही वर्षं त्या दिवशी शाळेत जाऊन मुलांना बुवांबद्दल दहा मिनिटं सांगतो.

६. मुलींचा सामना शेवटचा ठेवू नये, आणि दुपारच्या उन्हातही नको.

माझी भाची खेळते. २०१२ मध्ये पाटण्याला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के. भाचीला त्यांची नावं मी सांगितली. टीव्हीने सांगितली नव्हती. आता आमच्या स्पर्धेत मुलींची उपांत्य फेरी रात्री साडेआठला असते, गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हा. यासाठी मी बैठकीत दोनदा उठून बाहेर गेलो आहे आणि पुन्हा जाईन.

७. सुट्टी ही हजेरीची गोष्ट आहे.

सव्वीस जानेवारी आमच्या भागाला दुहेरी लक्षात राहते. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वेच्या सबंध मार्गावर गाड्या धावू लागल्या. रोह्यानंतर कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन आमचं कोलाड. पुढच्या वर्षापासून इथूनच भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून गोव्यातल्या वेर्ण्याला जाऊ लागले. त्या ट्रकचे चालक सुट्टीच्या दिवशीही केबिनमध्येच असतात. कुणी पंजाबचा, कुणी कर्नाटकचा. एकदा अशा दोघा चालकांना आम्ही सामने बघायला बोलावलं होतं. पंजाबचा रात्रभर थांबला. त्याच्याकडची कबड्डी वेगळी, गोल मैदानाची, पण पकड बरोबर ओळखत होता.

हल्ली लांब सुट्टी आली की मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी नाका भरतो. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की कुंडलिकेत राफ्टिंगच्या होड्या उतरतात. माझी तक्रार नाही, आमच्या पोरांना त्यातून रोजगार आहे. पण झेंडावंदनाला शाळेत मोजकी मोठी माणसं असतात, हे मला लागतं. म्हणून सव्वीस जानेवारीच्या आमच्या स्पर्धेचा नियम मी भांडून करून घेतला आहे: ज्या संघाचे सातही खेळाडू सकाळी झेंड्याला उभे नाहीत, त्याचं नाव सामन्यात घेतलं जात नाही. पाहुण्या संघांनी आपापल्या गावात उभं राहावं, त्यांच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवतो.

पाकिस्तानला हरवल्यावर पोरं तिरंगा घेऊन मोटरसायकलवर निघतात, त्याला मी राष्ट्रीय सण म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला प्लास्टिकचे झेंडे पडलेले असतात. ते उचलायला भाचीच्या संघातल्या मुली येतात. मीही जातो.

८. रेषा आदल्या संध्याकाळी आखावी.

रात्रीच्या दवाने फक्की बसते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिल्या तीन सामन्यांतच उडून जाते. माती चाळून, पाणी मारून, दाबून आठ दिवस आधी तयार ठेवायची. पुरुषांचं क्रीडांगण तेरा मीटर बाय दहा मीटर, एक बोटही इकडे-तिकडे नको.

पंचवीस जानेवारीला दुपारी चारच्या सुमारास नदीपलीकडून त्या जुन्या चढाईपटूची स्कूटर येते. दगडांच्या वर्षानंतर स्पर्धा पुन्हा सुरू केली, तेव्हा तोच आधी आला होता. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून उतरायला त्याला वेळ लागतो. दोरीचं एक टोक तो धरतो, दुसरं मी. मधे भाची वाटीतून फक्की सोडत जाते. मध्यरेषेला आलो की तो हमखास थांबतो, एक डोळा मिटून बघतो आणि ओरडतो, “तुझ्याकडं सरकली रं, अर्धं बोट! ताण जरा!”