सर्व्हर हलवण्याआधी परवाना वाचा

चाकणच्या एका कारखान्याचे सर्व्हर क्लाउडवर न्यायचं काम अर्धवट राहिलं होतं, ते पुढे आमच्याकडे आलं. आधीच्या कंत्राटदाराने स्थलांतराचं सॉफ्टवेअर ‘प्रति सर्व्हर’ दराने घेतलेलं. सर्व्हर बारा, म्हणून परवाने बारा. मी लॉगिन करून पाहिलं, तर बाराही परवाने खर्ची पडलेले आणि क्लाउडवर पोचलेले सर्व्हर फक्त पाच.

परवान्यांच्या यादीत टॅलीचा सर्व्हर तीनदा होता. एकदा पहिल्या चाचणीचा, एकदा डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकल्यानंतरचा आणि एकदा क्लोनवर घेतलेल्या चाचणीचा. ते सॉफ्टवेअर सर्व्हर नावाने ओळखतच नव्हतं. सर्व्हरवर त्याचा एजंट, म्हणजे नक्कल करणारा छोटा प्रोग्राम, बसवला की नवा ओळख क्रमांक, आणि नव्या क्रमांकाला नवा परवाना. एकदा चिकटलेला परवाना सुटायची सोय नाही. ही अट करारात होती, पण मागच्या परिशिष्टात. विक्रेत्याने हात वर केले आणि मालकांना उरलेल्या सर्व्हरसाठी पुन्हा पैसे मोजावे लागले. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. चाचणी न घेता टॅली हलवायला कोणता अकाउंटंट तयार होईल? चाचणीचे पैसे घ्यायचेच असतील, तर ते दरपत्रकावर ठळक छापायला हवेत.

तेव्हापासून मी आकडा नंतर विचारतो. मोजणी कशाची, ती कधी सुरू होते आणि फसलेला प्रयत्न धरला जातो का, हे आधी ईमेलवर विचारतो आणि आलेलं उत्तर पर्चेस ऑर्डरला जोडायला लावतो. फोनवरच्या ‘काळजी करू नका, सर’ला बिलाच्या वेळी किंमत नसते.

सेवा मोफत म्हटली असेल तिथे तर हे विचाराच. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन मायग्रेशन सर्व्हिसमध्ये दर सर्व्हरमागे २,१६० तास मोफत असतात, म्हणजे सलग चालवलं तर ९० दिवस. पण हे तास एजंट बसवल्यापासून मोजले जातात, सर्व्हर प्रत्यक्ष हलवल्यापासून नव्हे. मधल्या काळात डेटाची नक्कल ठेवणाऱ्या डिस्क आणि चाचणीसाठी उभी केलेली मशीन यांचं बिल वेगळं लागतं. पहिल्याच दिवशी सगळीकडे एजंट बसवला आणि मग दिवाळी, ऑडिट, मार्चअखेर करत काम पुढे ढकललं, की तास वाया जातात. म्हणून अकाउंट्स आणि प्रॉडक्शनने ज्या सर्व्हरची तारीख लेखी दिली आहे, त्यांच्यावरच एजंट बसवा. ॲमेझॉनच्याच डेटाबेससाठीच्या डीएमएस सेवेत नक्कल करणारं मशीन तासावर भाड्याने घेता येतं. ते काम संपल्यावर काढून टाकायला एक माणूस नेमून द्या, नाहीतर भाडं चालूच राहतं.

जीबीवर दर असेल तर डेटा बाहेर नेण्याचा खर्चही पाहा. २०२४ च्या जानेवारीत गुगलने आणि मार्चमध्ये ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने क्लाउड सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ करण्याची घोषणा केली. ही माफी आपोआप मिळेल असं धरू नका. तिच्या अटी वाचून कंपनीकडे मागणी करणं, हे काम डेटा हलवण्याच्या तारखेच्या बरंच आधी वेळापत्रकात घाला.