सरड्याची धाव कुंपणापलीकडे

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण सारेजण शाळेपासून निबंधांत वापरत आलो आहोत. माणसाच्या तोकड्या कुवतीला ती लावली जाते. पण ज्या प्राण्यावरून ती बेतली त्याच्याकडे थांबून पाहण्याची तसदी म्हण वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घेतली असावी. प्रस्तुत लेखाचा विषय अंड्यावर आलेली सरड्याची मादी हा आहे. आणि अशी मादी कोणाच्या हाती लागलीच, तर तिचे काय करावे, हा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे प्राध्यापक मंडळींना वाटण्याचा संभव आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, आणि हा विषय जितका प्राण्याचा तितकाच जमिनीचाही आहे, एवढेच उत्तर तूर्त देतो.

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, विणीच्या दिवसांत ज्याच्या नराचे डोके व गळा लालभडक होतो, तो आपला नेहमीचा बागेतला सरडा. दगड मारण्यासाठी पोरांना तोच सापडतो. मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो निराळा. इंग्रजीत त्याला शॅमेलिऑन म्हणतात. आपल्याकडे कोणी घोयरा म्हणतात, कोणी नुसताच रंगबदल्या सरडा. शेपटीसह फूटभर लांब, अंगाने दोन्ही बाजूंनी चपटा, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, शेपटी गुंडाळलेली. पायांची बोटे दोन आणि तीन अशी जुळून चिमट्यासारखी झालेली, त्यामुळे फांदी घट्ट धरता येते. डोळे एकमेकांशी फारकत घेतल्याप्रमाणे स्वतंत्र फिरतात. एक पुढे पाहत असतो तेव्हा दुसरा तुमच्यावर असतो. चालणे तर असे की एक पाऊल टाकावे की न टाकावे याचा जणू ठराव पास व्हायचा आहे. लाउरेंटी या शास्त्रज्ञाने १७६८ साली त्याची नोंद केली. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. भारताच्या वाट्याला मात्र ही एकच जात आली आहे.

आपल्या साहित्याला सरडा अपरिचित नाही. भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाची कथा आहे. दान दिलेली गाय चुकून पुन्हा दुसऱ्याला दान दिली, म्हणून तो कृकलास, म्हणजे सरडा, होऊन कोरड्या विहिरीत पडला. यादवांची मुले खेळता खेळता तेथे गेली आणि दोर लावून त्याला वर ओढू लागली. मुलांच्या हाती सरडा लागणे ही परंपरा अशी बरीच जुनी आहे.

आमच्या वस्तीवरही तेच घडले. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी कर्जत तालुक्याचा आमचा भाग आहे तसाच आहे: कमी पावसाचा, बाभळी-बोरीचा, खाली मुरूम आणि वर हातभर माती. गेल्या ऑक्टोबरात माझ्या चुलतभावाच्या मुलांना बांधावरच्या बाभळीत घोयरा दिसला. त्यांनी तो घरी आणून कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला, पाण्याची वाटी ठेवली, नाकतोडे सोडले आणि त्याचे नाव 'राजा' ठेवले. मी सुटीला गेलो तेव्हा तिसरा दिवस होता. राजा काही खात नव्हता. डालग्याच्या कडेकडेने अखंड फिरत होता, मध्येच शेणाने सारवलेली जमीन पुढच्या पायांनी खरवडत होता. मुलांना वाटले, आजारी पडला. माझे चुलते तात्या म्हणाले, "आरं सोडा ती पीडा, इखारी असतंय ते." काकू मात्र जवळ बसून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "राजा कसला? अंड्यावर आलीय ती. कोंबडी जागा हुडकती तशी हुडकतीय."

काकूंचे निदान बिनचूक होते. मादीच्या दोन्ही कुशींवर भुईमुगाच्या शेंगेवर दाण्यांचे उठाव दिसावेत तसे उठाव दिसत होते. तात्यांच्या बोलण्याचेही उत्तर येथेच देऊन टाकतो: शॅमेलिऑनला विष नसते. तो अंग फुगवतो, तोंड वासतो, फुसफुसतो, फार तर चावतो. बाकी सारा देखावा. त्याचा फुत्कार लागून माणूस सुजतो ही समजूत पुष्कळ खेड्यांत ऐकायला मिळते, आणि तिच्यापायी किती घोयरे काठीखाली जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता मुख्य मुद्दा. झाडावर जन्म काढणारा हा प्राणी जमिनीवर उतरतो तो बहुधा अंडी घालण्यासाठीच. अंडी घालायची तर खोल बीळ हवे, आणि बीळ हवे ते ओलसर मातीत. कारण त्याची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी टणक कवचाची नसून मऊ, चामड्यासारख्या सालीची असतात. ती मातीतून ओल शोषून फुगतात. माती कोरडी असेल तर सुरकुततात. पाऊस सरला की आमच्याकडची माती थोडे दिवसच अशी मऊ असते. याच ओलीवर आम्ही शाळूची पेरणी करतो. त्या दिवसांत मादी आणि शेतकरी एकाच मातीच्या मागे असतात, म्हणा ना! फरक इतकाच की शेतकऱ्याजवळ ट्रॅक्टर असतो.

कोंडलेल्या मादीला माती मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडवून धरते. वाट पाहते, फिरते, खरवडते. दिवस गेले की अंडी अडतात आणि मादी मरते. परदेशांत येमेन व सौदी अरेबियातला शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन हौसेने पाळतात. त्यांच्या अनुभवातून ही गोष्ट पुरती सिद्ध झालेली आहे. त्या जातीची मादी नराशी संबंध न येताही अंडी धरते, तेव्हा 'एकटीच आहे, तिला कशाला अंडी होतील' असे म्हणून चालत नाही. जाणते पाळणारे लोक आधीच एका खोल भांड्यात फूटभर ओलसर वाळू भरून ठेवतात. वाळू इतकी ओली हवी की बोगदा केला तर ढासळू नये, पण दाबली तर पाणी गळू नये. अंड्यांच्या सालीसाठी चुना लागतो, म्हणून खायच्या किड्यांवर चुनायुक्त भुकटी भुरभुरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, मादी खणू लागली की पिंजऱ्यावर कापड टाकून तिला एकटी सोडतात. कोणी पाहत आहे असे वाटले तर ती अर्धे बीळ टाकून देते आणि पुन्हा अंडी अडवून बसते. पाण्याचीही गंमत अशीच आहे. शॅमेलिऑनला वाटीतले साचलेले पाणी पाणी म्हणून कळतच नाही असे म्हटले तरी चालेल; तो पानांवरचे थेंब चाटतो. आमच्या डालग्यातली भरलेली वाटी तीन दिवस तशीच होती, याचे कारण हे.

हे वाचून एखाद्या मित्राला घरी वाळूचे भांडे मांडण्याची हौस येईल, तर सांगून ठेवतो: आपल्याकडचा घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. मला तर कायदा नसता तरी हेच योग्य वाटले असते, कारण आपण भांड्यात जे कष्टाने करू ते बांधावर फुकट उपलब्ध आहे. जखमी प्राणी सापडला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धडधाकट असेल तर जेथून आणला तेथेच सोडावा.

आम्ही तेच केले. मुलांनी ज्या बाभळीवरून आणली होती तिच्याच बुंध्याशी मादीला सोडले. मुलांना पंधरा-वीस पावलांवर, कडब्याच्या गंजीआड बसवले. ती गप्प बसली हे त्या दिवसाचे दुसरे आश्चर्य. मादीचा रंग तेव्हा काळपट झाला होता. (रंगबदल हा केवळ लपण्यासाठी असतो ही समजूत अपुरी आहे, राग, भीती, ऊन, थंडी, नराला नकार, सारेच त्यातून प्रकट होते. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की शॅमेलिऑनच्या त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमीजास्त झाल्याने रंग पालटतो. म्हणजे राजकारणी लोकांना आपण जी उपमा देतो ती सरड्यावर अन्याय करणारी आहे.)

पहिले बीळ तिने चार बोटे खणले आणि दगड लागताच सोडून दिले. दुसरे बांधाच्या पायथ्याशी, जेथे माती-मुरूम एकत्र होते आणि सावलीमुळे ओल टिकली होती. पुढच्या पायांनी उकरायचे, मागच्या पायांनी माती मागे लोटायची. दुपारी डोके आत गेले. संध्याकाळी शेपटीचे टोक तेवढे बाहेर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तो तिने तोंड फिरवले होते, बिळाच्या तोंडाशी डोळे मिटलेले डोके दिसत होते. उन्हे चढल्यावर ती बाहेर आली आणि माती परत लोटू लागली. लोटायची, पायांनी दाबायची, थांबायची. हे काम दुपारपर्यंत चालले. मग जवळच्या बोरीवर चढली. कुशी आत गेल्या होत्या, कातडी सैल लोंबत होती. मुलांनी बोरीच्या पानांवर पाणी शिंपडले, तेव्हा तिने ते बराच वेळ चाटले. त्यानंतर दोन दिवस ती त्याच झाडावर होती. तिसऱ्या दिवशी दिसली नाही.

मुलांना अंडी मोजायची होती. एका खेपेस दहापासून तीसपर्यंत अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९१२ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये या जातीवर लेख आलेले आहेत. परंतु मोजण्यासाठी उकरणे आम्ही टाळले. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी पक्ष्यांच्या अंड्यांप्रमाणे फिरवायची नसतात. जशी पडली तशीच राहावी लागतात. आणि शॅमेलिऑनच्या अंड्यांना घाई नसते. कोंबडी एकवीस दिवसांत मोकळी होते, येथे महिने लागतात. मादागास्करच्या एका जातीचा प्राणी तर अंड्यात आठ-नऊ महिने काढतो आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांतच संपतो, असे २००८ साली प्रसिद्ध झाले आहे. आपण ज्याला आयुष्य म्हणतो त्याचा मोठा भाग त्याने मातीतच काढलेला असतो!

खरा पेच येथून सुरू झाला. शेत सरळ करण्यासाठी तात्या तो बांध जेसीबीने काढणार होते. सांगून झाले होते, इसारही दिला होता. मी त्यांना मातीची ओल, अंड्यांची साल वगैरे सांगून पाहिले. तात्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यापायी पाच गुंठे वाकडंच ठिवू का?" प्रश्न रास्त होता. बांध काढण्यामागे त्यांचा हिशेब होता आणि माझ्या बाजूला मातीखालच्या काही मऊ अंड्यांखेरीज काही नव्हते. शेवटी काकू मध्ये पडल्या. खुडूक कोंबडीखालची अंडी आपण काढतो का, असे त्यांनी विचारले. तात्या त्या रात्री काही बोलले नाहीत.

बांध निघाला, पण पूर्ण नाही. बोरीच्या बाजूचा दहा-बारा पावलांचा तुकडा पुढच्या मिरगापर्यंत ठेवायचा असे तात्यांनी ठरवले आहे. मुंगसाने व कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मुलांनी त्यावर बोराटी टाकली आहे, आणि रोटाव्हेटरवाल्याला वळसा कळावा म्हणून तात्यांनी स्वतः चुना लावलेले दोन दगड तेथे रोवले आहेत. शाळू आता गुडघ्याला लागला आहे. त्या तुकड्याभोवती त्याची ओळ थोडी वाकडी गेली आहे.