बियाण्याचे चित्र व बियाण्याची पावती

मृग जवळ आला की बार्शीटाकळीच्या बाजारात सरकीच्या पाकिटांची एकच गर्दी होते. आणि हल्ली तीच पाकिटे मोबाईलवरही येऊ लागली आहेत. बोंडांनी लवलेल्या पराटीचे चित्र पाहून कास्तकाराचे मन लोभावते, हे आम्ही जाणतो. परंतु ते चित्र कोणत्या वावरातले व कोणत्या वाणाचे, याची हमी त्या चित्रात नसते. ती लेबलावर असते. लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणीचा टक्का तेथे वाचावा. सोयाबीनला निदान ७० टक्के हे सरकारी प्रमाण आहे. मोबाईलवरून विकणाऱ्याने आपले नाव, पत्ता व तक्रार ऐकणारा अधिकारी जाहीर केलाच पाहिजे, असा २०२० सालचा नियम आहे. ज्याचा पत्ता नाही त्यास पैसे धाडू नयेत. धाडून फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. उशीर झाल्यास रक्कम अडविणे कठीण होते.

बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला. शेतकरी सर्व बियाणे पेरून टाकतो, त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ, हेही न्यायालयाने मानले. २०१९ च्या कायद्याने तर आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे अकोल्यास, दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही.

मात्र पावती हवी. तणनाशक सोसणारी म्हणून चोरून विकली जाणारी सरकी घेणारांस ती मिळत नाही. २०१९ साली अकोट तालुक्यात अकोली जहागीर येथे या वाणासाठी सत्याग्रह झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. पण सरकारची मान्यता नसलेले हे बियाणे न उगवल्यास कास्तकाराने कोणाचे नाव सांगावे?

उगवण फसली की दुबार पेरणीची घाई होते, ओल उडून जाते. तरीही पंचनाम्यापूर्वी वखर घालू नये. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी अर्ज द्यावा, म्हणजे तक्रार निवारण समिती पाहणीस येईल. रित्या पिशवीचे लेबल हाती धरून, नांग्या पडलेल्या तासांसह छायाचित्र घ्यावे. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर पोचेचा शिक्का घ्यावा.