कॅमेऱ्यातील छायाचित्रांचे अनुक्रमांक व मेमरी कार्डाची निगा

शाळेच्या कपाटातील दोन पुस्तके आपणा शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहेत. एक हजेरीपट व दुसरे जनरल रजिस्टर. हजेरीपटावरील क्रमांक दर जूनमध्ये १ पासून नव्याने सुरू होतो. यंदा तिसरीत ७ हा क्रमांक ज्या मुलाचा आहे, तोच क्रमांक पुढील वर्षी एखाद्या मुलीचा असेल. जनरल रजिस्टरातील क्रमांकाचे तसे नाही. तो एकदा एका विद्यार्थ्यास दिला की शाळा असेपर्यंत दुसऱ्या कोणासही दिला जात नाही. म्हणूनच साठ वर्षांनी कोणी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आला, तरी त्याची नोंद बिनचूक सापडते.

डिजिटल कॅमेऱ्यातील छायाचित्रांना जे अनुक्रमांक पडतात, त्यांतही नेमके हेच दोन प्रकार आहेत. हा भेद ठाऊक नसल्यामुळे काय हानी होते, हे प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या चुकीने अनुभवले आहे. शिक्षकबंधुभगिनींना ती टाळता यावी, एवढाच या पाठाचा उद्देश.

१. एक प्रसंग

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेस महापूर आला. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका शाळेत लेखक मदतीस गेला होता. जनरल रजिस्टर भिजून फुगले होते. पाने एकेक सोडवून ओसरीवर पसरली आणि शाई आणखी फुटण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेण्याचे ठरले. कॅमेरे दोन होते. एकावर ६२ व दुसऱ्यावर ४५ छायाचित्रे निघाली. दोन्ही कॅमेरे प्रत्येक नव्या कार्डावर क्रमांक १ पासून देत होते.

सायंकाळी दोन्ही कार्डांतील छायाचित्रे संगणकावरील एकाच फोल्डरमध्ये घातली. त्या नावाचे चित्र आधीच आहे, त्याच्या जागी नवे ठेवावे काय, असे संगणकाने विचारले. घाईत होकार दिला गेला. पहिल्या कॅमेऱ्याची पहिली ४५ छायाचित्रे पुसली जाऊन त्यांच्या जागी दुसऱ्याची बसली. १०७ पैकी ६२ उरली. चूक ध्यानात येईपर्यंत दोन्ही कार्डे फॉरमॅट करून त्यांवर वृक्षारोपणाची छायाचित्रे घेतली गेली होती. मूळ पाने वाळताना एकमेकांस चिकटली. त्या पानांवरील मुले आज साठी-सत्तरीची आहेत. त्यांपैकी एक गृहस्थ जन्मतारखेच्या नोंदीसाठी आले, तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने परत जावे लागले. दोष पुराचा अर्धा, अर्धा आमचा.

२. क्रमांक कसा पडतो

निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी घेतलेली चित्रे कोठेही पाहता यावीत, म्हणून १९९८ साली जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने एक नियम ठरविला. त्यानुसार कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचे मुख्य फोल्डर असते. त्यात १०० ते ९९९ या क्रमांकांची फोल्डरे असतात. प्रत्येक चित्राच्या नावात प्रथम चार अक्षरे व नंतर चार अंक येतात, जसे आयएमजी_०००१ किंवा डीएससीएन०००१. अंकांची स्थाने चारच असल्यामुळे ९९९९ नंतर १०००० लिहिता येत नाही. तेव्हा कॅमेरा १०० चे फोल्डर सोडून १०१ चे उघडतो व पुन्हा ०००१ पासून आरंभ करतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. केवळ ‘आयएमजी_०००१’ एवढ्या नावाने चित्र निश्चित ओळखता येत नाही.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या यादीत क्रमांकाविषयी दोन पर्याय आढळतात. ‘अखंड’ पर्यायात कार्ड बदलले किंवा रिकामे केले तरी क्रमांक पुढे चालू राहतो. हा जनरल रजिस्टरचा प्रकार होय. ‘पुन्हा आरंभ’ या पर्यायात दर नव्या कार्डावर क्रमांक १ पासून पडतो. हा हजेरीपटाचा प्रकार. शाळेच्या कामासाठी नेहमी पहिलाच पर्याय ठेवावा. मात्र ज्या कार्डावर आधीची चित्रे आहेत ते घातल्यास कॅमेरा त्यांच्या सर्वांत मोठ्या क्रमांकापासून पुढे मोजू लागतो. यास्तव काम आरंभताना रिकामेच कार्ड घालावे.

मोबाईल फोन बहुधा चित्राच्या नावात दिनांक व वेळ घालतात. त्यामुळे गोंधळ कमी होतो. परंतु तेच चित्र व्हॉट्सअॅपने पाठविल्यास नाव बदलते व चित्राचा आकार घटून बारीक अक्षरे अस्पष्ट होतात. शिवाय रजिस्टरात मुलांची व कुटुंबांची खाजगी माहिती असते. ती गटात पाठविणे सर्वथा अनुचित होय.

३. कार्डाची निगा

चित्र ‘डिलीट’ केल्याने ते तत्काळ नाहीसे होत नाही. अनुक्रमणिकेतील त्याची नोंद जाते व ती जागा मोकळी समजली जाते. तेथे दुसरे चित्र येईपर्यंत पहिले बहुधा परत मिळविता येते. म्हणून चुकून काही पुसले गेल्यास त्या कार्डावर एकही नवे चित्र घेऊ नये. कार्ड काढून बाजूस ठेवावे व जाणकारास दाखवावे.

कॅमेऱ्याचा लहान दिवा लुकलुकत असताना कार्ड कधीही ओढू नये. त्या वेळी लेखन चालू असते. एसडी कार्डाच्या कडेला एक सरकती पट्टी असते. ती कुलपाच्या खुणेकडे सरकविल्यास नवे लेखन होत नाही व जुने पुसले जात नाही. भरलेले कार्ड काढताच ही पट्टी सरकवावी. कार्ड रिकामे करावयाचे ते संगणकावर न करता त्याच कॅमेऱ्यात करावे, आणि तेही दोन ठिकाणी प्रती झाल्याची खात्री पटल्यावरच. कार्ड हे दप्तर नव्हे, दप्तर वाहून नेणारी पिशवी आहे. त्यातील माहिती सूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपात असते व वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो.

४. जुन्या रजिस्टरांची छायाचित्रे घेताना

सांगली जिल्ह्यातील कित्येक शाळांची दप्तरे या जिल्ह्याहूनही जुनी आहेत. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून कोठे जुने जिल्हानाव, कोठे संस्थानकालीन उल्लेख, तर कोठे मोडी अक्षर आढळते. अशा दप्तरासाठी पुढील क्रम पाळावा.

(अ) पहिले छायाचित्र एका कोऱ्या कागदाचे घ्यावे. त्यावर शाळेचे नाव, ११ अंकी यू-डायस क्रमांक, रजिस्टरचा खंड व दिनांक ठळक लिहावा. यू-डायसमध्ये आरंभीचे २७ हे अंक महाराष्ट्राचे असून पुढील दोन अंक सातारा जिल्ह्यास ३१ व सांगलीस ३५ असे आहेत.

(आ) पाने क्रमाने घ्यावीत. बिघडलेले चित्र कॅमेऱ्यात पुसू नये. त्याच पानाचे दुसरे घ्यावे व वहीत टिपून ठेवावे.

(इ) शेवटी हिशेब जुळवावा. शेवटचा क्रमांक वजा पहिला क्रमांक, अधिक एक. पहिले चित्र ०४१२ व शेवटचे ०५३१ असेल, तर चित्रे १२० भरली पाहिजेत.

(ई) संगणकावर प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र फोल्डर करावे व नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, जसे २०२४-०७-१५_खंड२_कार्ड१. असे लिहिल्याने फोल्डरे आपोआप कालक्रमाने लागतात. संगणकाने ‘जागी ठेवू काय’ असे विचारताच थांबावे. तो प्रश्न म्हणजे धोक्याची घंटा आहे.

(उ) एक प्रत शाळेत व दुसरी गावाबाहेर, केंद्रशाळेसारख्या उंच जागी असावी. एकाच कपाटातील दोन प्रती एकाच पुरात भिजतात.

५. वर्गातील पाठ

इयत्ता चौथीत स्थानिक किंमत शिकविताना हा विषय सहज घेता येईल. वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येक गटाने दहा चिठ्ठ्यांवर १ ते १० अंक व एकेक चित्र काढावे. सर्व चिठ्ठ्या एका डब्यात घालून नियम सांगावा की एका अंकाची एकच चिठ्ठी राहील. दहा चित्रे गेलेली पाहून मुले हळहळतील. मग विचारावे, ‘काय केले असते म्हणजे सर्व वाचली असती?’ अंकापूर्वी गटाचे नाव लिहावे, किंवा दुसऱ्या गटाने ११ पासून आरंभ करावा, ही दोन्ही उत्तरे मुले स्वतःच शोधतात. पहिले उत्तर म्हणजे स्वतंत्र फोल्डर, दुसरे म्हणजे अखंड क्रमांक.

स्वाध्यायासाठी प्रश्न :

१) फोल्डरे १०० ते ९९९ व प्रत्येकात ९९९९ चित्रे मानल्यास एकूण चित्रे किती? (८९,९९,१००)

२) पहिले चित्र ९९९१ व शेवटचे ०००८ आहे. ०००० हा क्रमांक पडत नाही. एकूण चित्रे किती? (१७)

३) एका चित्रास ४ एमबी जागा लागते. ३२,००० एमबीच्या कार्डावर किती चित्रे मावतील? (८,०००)

पावसाळ्यापूर्वी आपण कौले चाळतो, पन्हळी साफ करतो. त्याच यादीत रजिस्टरांची छायाचित्रे व त्यांच्या प्रतींची तपासणी हे एक काम जोडावे. ज्यांची नावे त्या पानांवर आहेत, त्यांपैकी अनेकांजवळ आपल्या जन्माचा दुसरा लेखी पुरावा नाही. तो आपल्या हाती ठेव म्हणून आहे.