रक्तवाहिनीतील ठिणगी

सायकलची एक जुनी ट्यूब घ्या. तिच्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर देऊन तो पुरता वाळू द्या. मग लाकडी पट्टीने त्यावर हलके ठोके मारा. थराला तडे जातील. रबराला मात्र काही होणार नाही. प्लॅस्टर ठिसूळ, तर रबर लवचीक! हृदयविकारावरील एक नवा उपचार समजून घ्यायला हा प्रयोग उपयोगी पडेल.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या, म्हणजेच धमन्यांच्या, भिंतीत मेद साचून मार्ग अरुंद होतो. अशा वेळी कॅथेटर नावाची बारीक, लवचीक नळी मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून हृदयाच्या रोहिणीपर्यंत नेतात आणि तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवून मार्ग रुंद करतात. हृदयाच्या रोहिणीवर हा उपचार १९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी प्रथम केला. आता तेथे बहुधा स्टेंट ही धातूची जाळीदार नळीही बसवितात.

परंतु काही रुग्णांत या भिंतीत कॅल्शियमचे क्षार साचून कठीण कवच बनते. मग फुगा पुरेसा फुगत नाही व स्टेंट अर्धवट उघडतो. अशा स्टेंटमध्ये पुढे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. बरे, फुग्याचा दाब फार वाढवावा, तर भिंतच फाटण्याचे भय!

यावरचा उपाय सुचला तो मुतखड्याच्या उपचारावरून. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे क्रिस्टियान शाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवले. पाण्यात विजेची ठिणगी पाडून निर्माण केलेल्या आघात तरंगांनी त्यांनी मूत्रपिंडातील खडा शरीराबाहेरूनच फोडला. आघात तरंग म्हणजे दाबात एकाएकी प्रचंड वाढ घडवीत पुढे जाणारा तरंग.

हीच ठिणगी आता कॅथेटरच्या फुग्यात नेली आहे. अमेरिकेत हृदयाच्या रोहिण्यांसाठी या उपचाराला २०२१ साली मान्यता मिळाली. फुग्यात हवा नसून मिठाचे पाणी व क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य यांचे मिश्रण असते. सुमारे ४ वातावरण इतक्या बेताच्या दाबाने फुगा भिंतीला टेकवितात. आतल्या विद्युतग्रांमध्ये ठिणगी पडली की द्रवाची वाफ होऊन बुडबुडा झपाट्याने वाढतो आणि आघात तरंग निघतो. त्याचा दाब सुमारे ५० वातावरण असतो. पण तो निमिषमात्रच टिकतो. सेकंदाला एक, अशा १० ठिणग्यांनंतर फुगा रिकामा करून रक्ताला वाट देतात व पुन्हा सुरुवात करतात.

मग रोहिणीची भिंत का फाटत नाही? मऊ ऊतींत पाणी भरपूर असते. त्यामुळे द्रवातून आलेला तरंग त्यांतून जवळजवळ सहज पार होतो. कॅल्शियमच्या कवचाशी मात्र त्याचा काही भाग परावर्तित होतो, उरलेल्याची गती बदलते आणि कवचात ताण निर्माण होऊन तडे पडतात. कवच भिंतीतच राहते. पण तडकल्यामुळे आता ते वाकू शकते. मग स्टेंट नीट उघडतो.

अर्थात, हा उपचार सर्वत्र चालत नाही. मार्ग फारच अरुंद असल्यास फुगा आत शिरत नाही; तेव्हा हिऱ्याचे कण बसविलेले फिरते टोक वापरून आधी वाट करावी लागते.

आता एका प्रश्नाचे उत्तर तुम्हीच शोधा: फुग्यात द्रवाऐवजी हवा भरली असती, तर तरंग भिंतीपर्यंत कितपत पोचला असता?