जुन्या गाडीची ब्रेकनळी आणि न हलणारा नट

घसारा शिकवताना वर्गात मोटारगाडीचे उदाहरण हटकून येते. आयकराच्या सध्याच्या नियमाप्रमाणे भाड्याने न चालणाऱ्या मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरला, तर एक लाखाची गाडी पस्तीस वर्षांनी वहीत सुमारे ३४० रुपयांची उरते. माझ्या मामांची प्रीमियर पद्मिनी साधारण याच वयाची. गेल्या पावसाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे पलसाण्यास होतो, तेव्हा या ३४० रुपयांच्या मालमत्तेने आम्हा दोघांना एक धडा शिकवला. तो घसाऱ्याच्या कोष्टकात सापडत नाही, म्हणून येथे लिहितो.

पद्मिनी ही मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून तिला सारे ओळखत. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तरी हौसेने सांभाळलेल्या घरगुती पद्मिनी अजून दिसतात.

पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथून जातो, हजिऱ्याकडचा रस्ताही येथेच मिळतो. त्यामुळे मागे-पुढे सदैव मालट्रक. अशा रस्त्यावर मामांनी ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली, आणि पाय काढला की उजवीकडे! घरी आल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिले. उजव्या पुढच्या चाकाचा ड्रम तव्यासारखा तापलेला. बाकीचे तीन नुसते कोमट.

येथे शाळेतील पास्कलचा नियम आठवावा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो. समजा, पायाने पेडलवर २० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरले, तर ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३ किलो दाब झाला. म्हणजे टायरमधील हवेच्या जवळजवळ सोळा पट. आणि ट्रक अचानक आडवा आला म्हणजे माणूस २० किलोवर थांबत नाही. हा दाब पोलादी पाइपमधून जातो. परंतु चाक वरखाली होते, वळते. तेथे पोलाद चालत नाही. म्हणून शेवटची वीतभर वाट आतून धाग्यांचे विणकाम असलेल्या रबरी नळीची असते.

नळी बाहेरून भेगाळली तर डोळ्यांना दिसते. आतून सुजली तर दिसत नाही. सुजलेल्या नळीचे भोक बारीक होते. जोराने दाबलेले तेल त्यातून उशिरा का होईना पुढे जाते, पण परत ढकलणाऱ्या स्प्रिंगांचा जोर कमी असल्याने तेल मागे येत नाही. आमच्या गाडीचे दुहेरी वागणे यातून उलगडते. दाबताना उजवे चाक उशिरा पकडी, म्हणून ओढ डावीकडे. सोडल्यावर तेच पकडून बसे, म्हणून ओढ उजवीकडे. खात्री करण्याची रीत सोपी आहे. चाक अडकलेले असताना नळीच्या अलीकडचा, म्हणजे पाइपाकडचा जोड किंचित सैल करावा. चाक सुटले नाही, आणि चाकाजवळचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करताच सुटले, तर दोष नळीत.

परंतु हा अलीकडचा जोड सैल करणे हेच खरे संकट आहे. पोलादी पाइपाच्या टोकावर नट असतो, आणि तो पाइपाभोवती मोकळा फिरला पाहिजे. बरसातीचे पाणी, चिखल आणि वर्षे यांनी नट पाइपालाच चिकटतो. मग नट फिरवला की पाइपही पिळतो, उसाच्या चिपाडासारखा. ज्या गॅरेजवाल्यास प्रथम बोलावले, त्याने साधा दुतोंडी पाना लावून जोर केला आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवले. पंचवीस मिनिटांत नळीचे काम पाइपाचे काम झाले!

दुसरा मिस्त्री वयस्कर होता. त्याने आधी तारेच्या ब्रशाने आटे साफ केले, गंज सोडवणारे तेल लावले आणि "सवारे आवीश" म्हणून निघून गेला. मामा चिडले, मला मात्र तो माणूस आवडला. सकाळी त्याने डाव्या बाजूचा शाबूत नट धरला. नळीचा षटकोन एका पान्याने घट्ट धरून, पाइपाला जाऊ देणारी फट असलेला रिंग पाना नटावर बसवला. हा पाना पाचही बाजू पकडतो, त्यामुळे कोपरे झिजत नाहीत. प्रथम त्याने नट केसभर आवळला, मग केसभर सोडला. असे कितीतरी वेळ. गंजाचा 'कट्' असा आवाज आला तेव्हा पाइप जागचा हलला नव्हता.

उजवीकडचा गोल झालेला नट असा सुटणार नव्हता. तेथे पाइपच कापून नटावर सहा कोनी सॉकेट चढवावा लागला, आणि योग्य फुगीर टोक काढलेला नवा पोलादी पाइप घालावा लागला. मी विचारले, ज्योत का नाही दाखवत? ब्रेक ऑइल पेट घेते आणि शेजारी रबर आहे, असे उत्तर मिळाले. कापलेल्या जागी जोडतुकडा बसवावा, असे मामांनी सुचवून पाहिले. त्यावर मिस्त्री नुसता हसला.

क्रमही महत्त्वाचा. सोडवताना प्रथम पाइपाचा नट, मग कंसातील क्लिप, आणि शेवटी अख्खी नळी फिरवून चाकाचे टोक. उलट केले तर नळी पिळते आणि पाइपही सोबत जातो. बसवताना आधी चाकाचे टोक आवळावे, मग कंसात पीळ न देता ठेवून पाइप जोडावा. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून नळी टायरला घासत नाही ना, हे पाहावे. एक नळी आतून सुजली तर तिच्या वयाच्या इतर नळ्याही त्याच वाटेवर असतात. आम्ही पुढच्या दोन आणि मागची एक, तिन्ही बदलल्या.

तेलाविषयी एवढेच की ते हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा शोषल्यावरची मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकते. म्हणून अर्धवट उघडलेला जुना डबा वापरू नये. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, त्याने रबर फुगते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. आमच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. टाकी मधेच रिकामी झाली तर सारे पुन्हा पहिल्यापासून. पेडल दाबण्याचे काम माझ्याकडे होते. "दाब", "धर", "सोड", हे तीन शब्द मी त्या दुपारी शंभरदा तरी ऐकले असतील.

मग पेडल जोराने दाबून धरले आणि सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून पाहिले. कापड कोरडेच निघाले. गाडी आधी अंगणात, मग रिकाम्या गल्लीत चालवली. थांबली ती सरळ. हिशेब मी लिहिला: तीन नळ्यांपेक्षा एक पाइप आणि त्याची मजुरी जास्त झाली होती. मामांनी ती ओळ दोनदा वाचली आणि नळ्या बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत रंगाने लिहून टाकली.